पाठीवरचा शिधा

प्रवासातल्या अन्नासाठी मराठीत दोन शब्द आहेत. घरून रांधून फडक्यात बांधून न्यावयाची ती शिदोरी, आणि मुक्कामावर चूल पेटवून रांधावयाचा तो शिधा. गोपाळांनी एकत्र कालवून ज्यांचा काला केला त्या शिदोऱ्या होत. पंढरीच्या वाटेवर दिंडीबरोबर वाहनातून जातो तो शिधा होय. सुदाम्याचे पोहे मात्र या दोहोंच्या सीमेवरचे आहेत. ते तसेच कोरडे खाता येतात, आणि जाळ व पाणी मिळाल्यास अधिक रुचकर करता येतात. पाठीवर बिऱ्हाड घेऊन चार-सहा दिवस डोंगरांत हिंडणाऱ्या माणसाला या तिन्ही प्रकारांची गरज पडते. कोणता प्रकार केव्हा आणि किती न्यावा, हे ठरविणे म्हणजेच पदयात्रेच्या आहाराची योजना.

अशा पदयात्रांची हौस आज सर्वत्र वाढली आहे. पुण्या-मुंबईची तरुण मंडळी हरिश्चंद्रगडावर किंवा राजगड-तोरण्याच्या धारेवर जातात. बंगळूरचे मराठी कुटुंब कुमारपर्वताची वाट धरते, कोलकात्याचे ३६३६ मीटर उंचीच्या संदकफूला जाते, तर दिल्लीकर गढवालात हर-की-दूनकडे वळतात. बूट, तंबू आणि झोपण्याची पिशवी यांची चौकशी निघण्यापूर्वी महिनाभर चालते. अन्नाचा विचार मात्र बहुधा आदल्या संध्याकाळी, वाण्याच्या दुकानात, घाईघाईने उरकला जातो. परिणाम ठरलेला असतो. साखर तिसऱ्या दिवशी संपते, तांदूळ शेवटपर्यंत उरतो, आणि मिठाची पुडी कोणाच्या सॅकमध्ये आहे याचा शोध अंधारात विजेरी लावून घ्यावा लागतो.

यात गैरसोयीपलीकडेही काही आहे. डोंगरात दिवसभर ओझे घेऊन चालणारा माणूस नेहमीपेक्षा पुष्कळ अधिक शक्ती खर्च करतो. तो पुरेसे खात-पीत नसेल, तर प्रथम त्याचा उत्साह जातो, मग अंगातली ऊब जाते, आणि शेवटी सारासार विचारही मंदावतो. अरुंद कड्यावर किंवा हिमाच्या उतारावर हे मंदावणे महागात पडते. म्हणून अन्न किती नेले, यापेक्षा नेलेल्यापैकी किती पोटात गेले, हाच खरा प्रश्न आहे. जे नेले पण खाववले नाही, त्याची गणना ओझ्यातच करावी लागते.

प्रथम ओझ्याचा हिशेब पाहू जाता, पदार्थांतील पाणी हा त्यातील मोठा वाटेकरी ठरतो. एक किलो बटाटे पाठीवर घेणारा माणूस वस्तुतः सुमारे पाऊण किलो पाणीच वाहत असतो. कांद्यात तर पाण्याचा अंश त्याहूनही अधिक. ते पाणी डोंगरातल्या झऱ्यावर फुकट मिळणारे असते. तेव्हा ताजी भाजी, कांदे, लिंबे यांचा मान पहिल्या एक-दोन दिवसांपुरता ठेवून पुढील दिवसांसाठी कोरडे पदार्थच निवडणे श्रेयस्कर. तळून कुरकुरीत केलेला वा उन्हात वाळवलेला कांदा, वाळवलेली मेथी आणि सुके खोबरे यांचे वजन थोडे असते आणि चव टिकते.

दुसरा वाटेकरी म्हणजे पदार्थांतील शक्तीचा अंश. पिष्टमय पदार्थ आणि प्रथिने यांच्या एका ग्रॅमपासून सुमारे ४ उष्मांक मिळतात. तूप-तेलाच्या एका ग्रॅमपासून मात्र ९ मिळतात. म्हणून तुपाची लहानशी बरणी आणि शेंगदाण्यांची पिशवी यांना वजनाच्या मानाने फार मोल आहे. एका माणसाच्या एका दिवसाचा साधारण शिधा असा मांडता येईल : न्याहारीस पोहे वा रवा १०० ग्रॅम, दोन जेवणांस मिळून तांदूळ वा कणीक २५० ग्रॅम, डाळ किंवा बेसन ८० ग्रॅम, शेंगदाणे व सुका मेवा ६० ग्रॅम, गूळ वा साखर ७० ग्रॅम, तूप-तेल ५० ग्रॅम, दुधाची भुकटी ४० ग्रॅम, आणि वाटेत तोंडात टाकावयास खजूर, चिक्की किंवा लाडू ५० ग्रॅम. ही बेरीज ७०० ग्रॅम होते आणि तीपासून सुमारे ३००० उष्मांक मिळतात. मध्यम श्रमाच्या वाटेला एवढे बहुतेकांस पुरते. थंडी, उंची आणि ओझे जसे वाढेल तसा शिधा वाढवावा लागतो. चार माणसे सहा दिवस जावयाची असतील, तर या मानाने सतरा किलोंच्या आतबाहेर शिधा होतो.

हिशेब एवढ्यावर संपला असता, तर तांदूळ, डाळ आणि तूप बांधून निघणे पुरेसे होते. परंतु उंचीवर दोन अडचणी उभ्या राहतात. एक चुलीची आणि दुसरी जिभेची.

समुद्रसपाटीला पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते. उंची वाढते तसा हवेचा दाब घटतो आणि पाणी कमी उष्णतेवरच उकळू लागते. ३००० मीटरांवर ते ९० अंशांच्या सुमारास, तर ४५०० मीटरांवर ८५ अंशांच्या सुमारास उकळते. आधण खळखळते, वाफ दिसते, पण भांड्यातले पाणी घरच्याइतके तापलेलेच नसते. घरी सहज शिजणारी तुरीची डाळ तेथे तासभर उकळूनही बोटाला टणक लागते, आणि तेवढ्या वेळात इंधन मात्र जळत राहते. लहान प्रेशर कुकर हा यावरचा एक उपाय आहे, आणि मंडळी अधिक असल्यास त्याचे वजन परवडते. दोघा-चौघांसाठी मात्र दुसरा उपाय अधिक सोपा : जे लवकर शिजते किंवा घरीच भाजून ठेवलेले आहे, तेच न्यावे.

या बाबतीत आपल्या जुन्या स्वयंपाकघराची तयारी किती मोठी आहे, याकडे फारसे लक्ष जात नाही. सातूचे पीठ, भाजणी, मेतकूट, भाजलेला रवा, डाळे, चुरमुरे, पोहे हे सर्व पदार्थ म्हणजे घरच्या चुलीवर आगाऊ खर्च करून ठेवलेला जाळ होय. भाजण्याचे काम एकदा झाले की डोंगरावर केवळ गरम पाणी, आणि प्रसंगी थंड पाणीही पुरते. बिहारातला सत्तू आणि तिबेट-लडाखकडचे भाजलेल्या जवाचे त्साम्पा हे पीठ याच जातीचे आहे. जेथे सरपण दुर्मिळ आणि उकळते पाणी थंडगार, अशा पठारावरच्या लोकांनी धान्य शिजविण्याऐवजी भाजून दळावे, यात त्यांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे शहाणपण आहे. मराठी माणसाचे पिठलेही या कसोटीला उतरते. बेसन, पाणी आणि फोडणी एवढ्या भांडवलावर ते काही मिनिटांत तयार होते. मूग आणि मसूर यांच्या सोललेल्या डाळी तुरीपेक्षा लवकर शिजतात. मुगाची खिचडी करावयाची असल्यास डाळ-तांदूळ मुक्कामावर पोहोचताच भिजत घालावे आणि तंबू उभारून झाल्यावर चुलीवर चढवावे. जाळ निम्म्याने वाचतो.

चुलीविषयीही दोन शब्द आवश्यक आहेत. अनेक संरक्षित वनांत लाकडे जाळण्यास मनाई आहे, आणि जेथे नाही तेथेही डोंगरावरचे विरळ झाड तोडून पोहे परतणे शोभणारे नाही. त्यामुळे बहुतेक पदयात्री गॅसचे लहान डबे वापरतात. हे डबे विमानातून नेता येत नाहीत. ते पायथ्याच्या शहरी मिळतील की नाही, याची चौकशी आधीच करावी लागते. शिवाय केवळ ब्यूटेन भरलेला डबा गोठणबिंदूच्या आसपास काम देईनासा होतो. थंड प्रदेशासाठी प्रोपेन मिसळलेला वायू हवा. काडेपेट्या दोन घ्याव्यात आणि त्या दोन वेगवेगळ्या माणसांजवळ, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवाव्यात.

आता दुसरी अडचण. उंचीवर गेले की भूक मंदावते, हा बहुतेकांचा अनुभव आहे. दिवसभराच्या चालण्याने शरीर तर अन्न मागत असते, पण समोर आलेले पाहून मन मागे सरते. तुपकट पदार्थ विशेष नकोसे वाटतात. गोड आणि आंबट पेये त्या मानाने चालतात. १९५२ साली चो ओयू शिखराच्या परिसरात ग्रिफिथ प्यू या शरीरशास्त्रज्ञाने गिर्यारोहकांच्या श्वसनाचा, आहाराचा आणि पाण्याच्या गरजेचा अभ्यास केला. पुढील वर्षीच्या एव्हरेस्ट मोहिमेत त्याच्या निष्कर्षांचा उपयोग झाला, आणि भरपूर द्रव पोटात जाईल अशी व्यवस्था ठेवण्यात आली. २९ मे १९५३ च्या पहाटे सर्वांत वरच्या छावणीत हिलरी आणि तेनसिंग यांनी स्टोव्ह पेटवून लिंबाचा रस आणि साखर घातलेले पेय पुष्कळ प्रमाणात घेतले, बिस्किटांवर डब्यातले मासे खाल्ले, आणि मग ते शिखराकडे निघाले. एवढ्या उंचीवरच्या त्या न्याहारीतही आंबट-गोडाला असे स्थान होते.

येथेच मीठ-मसाल्याचा प्रश्न येतो. त्यांना चैनीच्या सदरात टाकणारे पुष्कळ आहेत. प्रवासात कसले चोचले, असे म्हणून ते केवळ मीठ आणि तिखट बरोबर घेतात. परंतु हिशेब मांडला तर चित्र निराळे दिसते. वर उल्लेखिलेल्या चार माणसांच्या सहा दिवसांना मीठ २५० ग्रॅम, तिखट ६०, गोडा मसाला ६०, मोहरी व जिरे मिळून ५०, आमसुले ५०, हळद ३०, सुंठ २० आणि हिंग १० ग्रॅम एवढे पुष्कळ झाले. सर्व मिळून ५३० ग्रॅम. सतरा किलोंच्या शिध्यात हा वाटा शेकडा तीनच्या घरातला. उरलेले सोळा किलो खाववतील की सॅकमध्ये पडून राहतील, हे मात्र बऱ्याच अंशी या अर्ध्या किलोवर अवलंबून असते. सलग तिसऱ्या संध्याकाळी तीच खिचडी समोर आली, तर घास उचलत नाही. पण तीच खिचडी एके दिवशी जिऱ्या-मिऱ्याची, दुसऱ्या दिवशी गोड्या मसाल्याची आणि तिसऱ्या दिवशी हिंग-लसणीच्या फोडणीची असेल, तर तीन पदार्थ खाल्ल्याचे समाधान मिळते.

यांतील प्रत्येकाचे काम वेगळे आहे. हिंग आणि जिरे डाळीच्या जडपणावर उतारा म्हणून आपल्या घरांत पूर्वापार वापरले जातात. सुंठ-गुळाचे गरम पाणी थंडीत चहाची जागा घेते. आमसूल तर अशा प्रवासासाठीच जन्मले असावे; ते हलके आहे, नासत नाही, गोठल्याने बिघडत नाही, आणि त्याचे सार किंवा गूळ घातलेले पेय लिंबाची उणीव भासू देत नाही. मेतकूट हे पीठही आहे आणि तोंडीलावणेही. एखाद्याचे पोट बिघडले किंवा डोके दुखू लागले, तर मऊ भात आणि चिमूटभर मेतकूट एवढेच त्याला रुचते. कोरड्या चटण्यांत तीळ, जवस, कारळे आणि शेंगदाणे यांची चटणी निवडल्यास चवीबरोबर स्निग्धांशही मिळतो. मसालेदार लोणच्याचे तेल मात्र सॅकमधल्या कपड्यांना दिसेल अशा रीतीने फुटते. ते न्यावयाचेच असेल, तर घट्ट झाकणाच्या छोट्या बाटलीत, वर दुसरी पिशवी घालून न्यावे.

तिखटाबाबत संयम हवा. मंडळींतल्या एकाला जे झणझणीत, ते दुसऱ्याला असह्य असते, आणि जळजळणारे पोट घेऊन चढ चढणे कठीण जाते. म्हणून भांड्यात तिखट बेताचे घालावे आणि ज्याला हवे त्याला वरून घेता यावे. याच न्यायाने निघण्यापूर्वी प्रत्येकाला त्याचे पथ्य विचारून घ्यावे. कोणी लसूण खात नाही, कोणाची एकादशी असते, कोणाला शेंगदाणा चालत नाही, कोणाला साखर वर्ज्य असते. हे घरी कळले तर राजगिऱ्याचे लाडू किंवा निराळी पुडी घेता येते. डोंगरात कळले तर एक माणूस उपाशी राहतो.

बांधणीच्या दोन पद्धती आहेत. पहिलीत तांदूळ एका पिशवीत, डाळ दुसरीत, साखर तिसरीत असा कोठाराप्रमाणे शिधा ठेवतात. ही पद्धत सोपी, पण तीत पहिल्या दिवसांत उधळपट्टी होते. दुसरीत प्रत्येक जेवणाची वेगळी पिशवी घरीच करतात. उदाहरणार्थ, खिचडीच्या पिशवीत चौघांचे तांदूळ आणि मुगाची डाळ, आणि त्याच पिशवीत एका लहान पुडीत मोजलेले मीठ, हळद, तिखट आणि मसाला. वर चिठ्ठी : तिसरा दिवस, रात्र. पाणी किती घालावयाचे तेही तीवरच लिहावे. दमलेल्या माणसाला विचार करावा लागू नये, हा या पद्धतीचा मोठा गुण. अंधारात, पावसात, हात गारठलेले असताना एक पिशवी काढली की जेवणाची सामग्री पुरी होते. त्याखेरीज थोडे मीठ, साखर, चहा आणि चटणी स्वतंत्र असावी, कारण प्रत्येकाची रुची कागदावर मावत नाही.

सर्व पिशव्या एकाच्या पाठीवर देऊ नयेत. एक सॅक दरीत गेली किंवा एक माणूस मागे राहिला, तर सगळी साखर किंवा सगळे मीठ त्याच्याबरोबर जाता कामा नये. जड पदार्थ पाठीच्या जवळ आणि मध्यावर, त्या दिवशीचे दुपारचे खाणे सर्वांत वर, आणि इंधन अन्नापासून दूर बाहेरच्या खिशात, अशी मांडणी सोयीची पडते. खोबरेल तेल सुमारे २४ अंशांखाली थिजते आणि तूपही थंडीत दगड होते. त्यांना रुंद तोंडाच्या बरण्या घ्याव्यात. निमुळत्या बाटलीतून ते मोसमाच्या विरुद्ध बाहेर येत नाहीत. हिंगाला दोन डब्या, एकात एक. नाहीतर चहालाही त्याचा वास लागतो.

पहिल्या दिवसाची गोष्ट निराळी. त्या दिवशी शिदोरी हवी. दुधात कणीक भिजवून केलेल्या दशम्या, मराठवाड्यातले धपाटे किंवा गुजराती शेजाऱ्यांकडून उचललेले ठेपले, आणि बरोबर लसणीची चटणी, एवढे असले की प्रवासाचा पहिला दिवस चूल न पेटवता निभावतो. शेवटच्या दिवसासाठीही एक पिशवी अशीच, न शिजवता खाता येईल अशी राखून ठेवावी : सातूचे पीठ, गूळ, दाणे, खजूर. वाट चुकली, पाऊस लागला किंवा ओढा चढला, तर एक रात्र तिच्यावर काढता येते. ती न उघडता घरी परत आली, तर तो प्रवास चांगला झाला असे समजावे.

सह्याद्री आणि हिमालय यांच्या गरजा सारख्या नाहीत. सह्याद्रीत उंचीचा प्रश्न नाही. कळसूबाई हे सर्वांत उंच शिखरही १६४६ मीटरांचेच. येथे प्रश्न पाण्याचा आणि दमटपणाचा. पावसाळ्यात मीठ पाघळते, पापड मऊ पडतो, मसाल्याला बुरशी धरते. म्हणून दुहेरी पिशव्या अगत्याच्या. उन्हाळ्यात गडावरची टाकी आटतात, आणि ज्या शिध्याला शिजावयास पुष्कळ पाणी लागते तो निरुपयोगी होतो. घामाने क्षारही जातात. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे साधे जलसंजीवनीचे माप प्रत्येकाला पाठ हवे. हिमालयात पाणी विपुल असते, पण तहान लागत नाही. तेथे दिवसाकाठी तीन-चार लिटर द्रव आठवणीने, पेज, सार, चहा, कढण अशा रूपांनी पोटात घालावे लागते. पायथ्याच्या गावांत पिठले-भाकरी किंवा डाळ-भात मिळत असेल, तर तो अवश्य घ्यावा. गावकऱ्यांना चार पैसे मिळतात आणि पाठीवरचे ओझे एका जेवणाने हलके होते.

जे नेले त्याची वेष्टने परत आणणे हाही योजनेचाच भाग आहे. वाण्याकडील भपकेबाज पाकिटे घरीच फोडून माल साध्या पिशव्यांत भरल्यास वजन वाचते आणि डोंगरावर कचराही होत नाही. रिकामी झालेली प्रत्येक पिशवी एका मोठ्या पिशवीत जमा करावी. उरलेले अन्न गुहेत किंवा मंदिरात ठेवू नये, कारण त्याने उंदीर आणि माकडे त्या जागेला चटावतात आणि पुढच्या प्रवाशाची सॅक कुरतडली जाते.

परत आल्यावर एक काम उरते, आणि तेच बहुधा राहून जाते. कोणते पदार्थ आधी संपले, कोणते उरले, कोणते कोणी खाल्लेच नाहीत, याची नोंद त्याच आठवड्यात करावी. दोन-तीन प्रवासांच्या अशा नोंदींतून त्या मंडळींचे स्वतःचे माप तयार होते, आणि ते कोणत्याही छापील कोष्टकापेक्षा खरे असते. पूर्वी लांबच्या यात्रेला निघणाऱ्याचे गाठोडे घरातली जाणती बाई बांधीत असे. किती तांदूळ, किती मेतकूट, आमसुलाची पुडी कोठे, हे तिला कागदावर लिहावे लागत नसे. कोणाला काय खाववते हे तिला ठाऊक होते. आज ते काम प्रवाशाने स्वतः करावयाचे आहे. तराजू, वही आणि थोडी आपुलकी एवढी साधने त्याला पुरतात.